रेडिओचं गवत

त्या साली पाऊस आला आणि अर्ध्या वाटेवरून माघारी गेला. पेरलेलं गुडघ्याएवढं झालं आणि तिथंच माना टाकून उभं राहिलं. माळ तर खरवडलेल्या तव्यासारखा दिसायला लागला. शिवारात हिरवं म्हणावं असं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे रेडिओचं रान. मधोमध सरकारी रेडिओचा लोखंडी मनोरा, त्याला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा, आणि खाली चाळीस एकर गवत. भोवती काटेरी तारेचं कुंपण, त्यामुळे गुरं आत जात नव्हती. जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या, त्यामुळे नांगर आत जात नव्हता. गवताला मोकळं रान मिळालं होतं आणि ते कंबरेपर्यंत माजलं होतं.

ही जमीन थोरलीच्या सासऱ्याची. मनोऱ्यासाठी सरकारनं ती घेतली तेव्हा मोजणीला आलेला मोठा अधिकारी बांधावर बसून म्हणाला होता, "जमीन आमची, गवत तुमचं. दरसाल मुळापासून कापून न्या, म्हणजे तुमची गुरं जगतील आणि आमच्या मनोऱ्याला आगीची धास्ती राहणार नाही." हातात हात देऊन म्हणाला होता. कागदावर नाही. पुढं कितीतरी साहेब आले आणि बदलून गेले, पण ते बोलणं कुणी मोडलं नाही. सासऱ्याचा धाकटा मुलगा मोठा झाल्यावर त्याच केंद्राच्या गेटवर पहारेकरी म्हणून लागला. थोरला आणि थोरली गवत कापायचे, धाकटा गेट उघडायचा. एकाच चुलीवरचं घर एकाच कुंपणावर जगत होतं.

मग नवा साहेब आला.

गवत फुलोऱ्यावर आलं तशी थोरली एका सकाळी विळा, दोर आणि पाण्याचं भांडं घेऊन गेटवर गेली. गेटला हाताच्या पंजाएवढं नवं कुलूप होतं. आत धाकटा उभा होता, खाकी सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

"उघड," ती म्हणाली. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा शाळेत पाटी फोडत होता, त्यामुळे त्याला ती अरे-तुरेच करायची.

"वहिनी, आज राहू द्या."

"का?"

"हुकूम आलाय. बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही. कुठल्याशा केंद्रात जमिनीतलं तांबं चोरीला गेलं म्हणे."

"मग मी बाहेरची का?"

धाकट्यानं कुलपाकडं बघितलं. "साहेबांच्या लेखी मी सोडून सगळे बाहेरचे."

"आणि गुरांना काय घालू? तुझी टोपी?"

"मी काय करू, सांगा. किल्ली माझ्या हातात आहे, कुलूप माझ्या हातात नाही."

थोरली तिथंच गेटसमोर उभी राहिली. ऊन वर येईपर्यंत ती हलली नाही, आणि धाकटाही पाठ फिरवून बसला नाही. मग केंद्राची जीप आतून आली. त्यानं गेट उघडलं, जीप गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यानं कुलूप परत लावलं.

त्या संध्याकाळी म्हातारा सासरा ओट्यावर रेडिओ उशाला घेऊन पडला होता. शेतीचा कार्यक्रम चालू होता. बाईचा गोड आवाज सांगत होता की यंदा चाराटंचाईचा संभव आहे, तरी पशुपालक बंधूंनी गवताची एकही काडी वाया जाऊ देऊ नये, वेळेवर कापणी करून नीट साठवण करावी.

"उंटावरून शेळ्या हाकतेय," थोरली गोठ्यातून म्हणाली. "हिला म्हणावं, आधी तुमचं गेट उघड."

धाकट्याच्या बायकोनं, धाकटीनं, चुलीपुढून तोंड वर केलं. "ताई, त्या गेटवरच्या नोकरीवर या घरात मीठ येतं, हेही लक्षात असू द्या. दर वेळी आमच्याच माणसाला बोल लावू नका."

"आमचं माणूस, तुमचं माणूस कधीपासून झालं गं?"

"आज सकाळपासून. गावानं बघितलं, तुम्ही त्यांना टोपी चारायची म्हणालात ते."

"गुरांना चारायची म्हणाले. टोपीत तेवढंच तर आहे, वाळलेलं."

थोरला जेवता जेवता थांबला. तो मुका नव्हता, पण शब्द खर्च होतात असं समजून बोलायचा. "आबांना घेऊन साहेबाकडं जाऊ," एवढं म्हणाला आणि पुढं जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी थोरला, थोरली आणि म्हातारा गेले. म्हाताऱ्यानं धुतलेला सदरा घातला होता. दारातल्या शिपायानं वहाणा बाहेर काढायला लावल्या आणि म्हाताऱ्याचा अंगठा एका वहीत उमटवून घेतला. आत यंत्रांसाठी गारवा केलेला होता. फरशी बर्फासारखी. म्हातारा एक पाय दुसऱ्या पायावर ठेवत उभा राहिला. खुर्च्या दोन होत्या. एकीवर फायली होत्या आणि दुसरीवर साहेबाचा डबा.

साहेब वाईट बोलला नाही. वयानं तरुण, केस चापून बसवलेले, बोलणं धुतल्या तांदळासारखं. "आजोबा, असा काही करार झाल्याचा कागद आहे का?"

"तोंडी झालं होतं, साहेब. त्या बांधावर."

"बांध आता कुठं आहे?"

"तुमच्या मनोऱ्याखाली."

साहेब किंचित हसला. "तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, आजोबा. सरकारी काम कागदावर चालतं."

थोरलीला राहवलं नाही. "तुमचं तर सगळं कामच वाऱ्यावर बोलायचं आहे, साहेब. ते खरं आणि आमच्या म्हाताऱ्याचं खोटं?"

शिपायानं हसू दाबलं. साहेबाचं हसू मात्र गेलं. "बाई, गवताचं रीतसर टेंडर निघेल. यंत्र येईल, कापून नेईल. तोवर आत पाऊल टाकायचं नाही."

"यंत्र यायला उन्हाळा उजाडेल. तोवर ते वाळून खडखडीत होईल. मनोऱ्याच्या बुडाशी चिनीमातीचा बुंधा आहे ना, तिथं चटचट ठिणग्या पडतात. मी सोळा वर्षं बघतेय. आम्ही पहिल्यांदा तीच जागा कापतो. हे गवत नाही कापलं तर पेटेल, साहेब. आणि पेटलं की मग आग कुणाचा कागद विचारणार नाही."

"तुम्ही मला मनोरा शिकवताय?"

"गवत शिकवतेय."

साहेबानं घंटी वाजवली. बाहेर येऊन म्हातारा वहाणा घालायला वाकला. मागं वळून बघितलं तर शिपाई ओल्या फडक्यानं त्याच्या पायांचे ठसे पुसत होता. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं रेडिओ लावला नाही.

मग सुरू झाले हाल. घरात दोन म्हशी आणि एक गाभण गाय. थोरला उजाडायच्या आत ओढ्याच्या काठानं वर जायचा आणि झाडांचा पाला तोडून आणायचा. वरच्या फांद्यांवर चढता चढता त्याच्या नडग्या सोलून निघाल्या. थोरली बांधाबांधानं बसून खुरप्यानं गवताची मुळं खरवडायची. दिवसभर ओणवं राहून एक पाटी भरायची, आणि म्हैस ती उभ्या उभ्या संपवून परत तिच्याकडं बघायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. दूध काढताना त्यांत दुधाचा थेंब गेला तरी झोंबायचं. थंडी सरता सरता एक म्हैस आटली. दुसरीच्या पाठीची हाडं मोजता यायला लागली. गाईनं वासरू टाकलं.

वासरू पुरून थोरली घरी आली ती हातपाय धुवायला न थांबता विळा घेऊन निघाली. ओढ्याच्या बाजूला कुंपणाच्या दोन तारा ढिल्या झालेल्या होत्या. भर दुपारी, गेटवर जेवणाची वेळ असताना ती आत सरकली. गवत आता पिवळं पडलं होतं, पण बुडाशी अजून जीव होता. ती बसली आणि कापत सुटली. विळ्याचा तो सर्र सर्र आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि वळली, तर समोर जीप.

साहेब खाली उतरला. त्यानं तिला काही विचारलंच नाही. धाकट्याला बोलावून घेतलं. धाकटा तोंडातला घास गिळत पळत आला.

"ही कोण?"

धाकट्यानं भाऱ्याकडं बघितलं.

"ओळखता का, विचारतोय."

"माझी वहिनी."

"भारा सोडवा. गवत जिथलं आहे तिथं टाका. विळा जमा करा. आणि अहवाल लिहा, तुमच्या सहीचा."

थोरली भारा डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. धाकट्यानं दोन्ही हात वर करून तो उतरवला. गाठ तिनं मारलेली, पक्की. त्याला ती सुटेना. दातांनी सोडवावी लागली. मग त्यानं पेंढ्या एकेक करून जमिनीवर फेकल्या. ती बघत राहिली.

"नीट पसर," ती हळूच म्हणाली. "ढीग राहिला तर कुजेल. तुमच्या बाई रेडिओवर रागावतील."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्यानं अहवाल लिहिला. दोन दिवसांनी थोरल्याचा आणि घरातले आणखी तीन विळेही, चोरीची हत्यारं म्हणून, केंद्राच्या कपाटात गेले. ते न्यायलाही धाकटाच आला. धाकटीनंच कोपऱ्यातून काढून दिले.

यंत्र काही आलं नाही. टेंडरचा कागद गेटवर चिकटवला होता, तो उन्हानं पिवळा पडला आणि वाऱ्यानं फाटून गेला. उन्हाळा लागला. रेडिओचं रान करडं झालं. वारा आला की चाळीस एकर खुळखुळायचं.

आग लागली ती दुपारच्या बातम्यांच्या वेळी. चहाच्या टपरीवर बातम्या देणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबला, आणि रेडिओतून नुसती खरखर यायला लागली. लोकांनी मान वर करून मनोऱ्याकडं बघितलं तेव्हा बुडाशी धूर दिसला. वारा मावळतीकडून होता.

धाकटा पळत घरी आला. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. "वहिनी, चला. दादा, चला. वाळूच्या बादल्यांनी काही होत नाही. पट्टा कापायला माणसं पाहिजेत."

"पाऊल टाकायचं नाही असा हुकूम आहे," थोरली म्हणाली.

"गेट उघडलंय. साहेब स्वतः म्हणालेत."

"विळे कुठायत?"

धाकट्यानं बाहीनं घाम पुसला.

"तुमच्या कपाटात. जा, घेऊन ये. आम्ही नखांनी कापतो तोवर."

पण ती निघाली. थोरलाही निघाला. गेटवर साहेब उभा होता. केस कपाळावर आलेले, हातात कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. कुठली किल्ली ते त्याला सापडत नव्हतं. सापडली तेव्हा विळे बाहेर आले. प्रत्येकाला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. थोरलीनं आपला विळा ओळखला, चिठ्ठी तोडून साहेबाच्या पायाशी टाकली आणि रानात शिरली.

धूर डोळ्यांत जात होता. आग मनोऱ्याच्या बुडापासून दोन बाजूंनी पसरत होती. एका बाजूला, अगदी जवळ, यंत्राची छोटी खोली होती, जिथून मनोऱ्याला वीज जायची. दुसऱ्या बाजूला उगवतीचं रान, ओढ्यापर्यंत, अजून उभं.

"खोलीकडं," साहेब ओरडला. "बाई, खोलीच्या कडेनं कापा. खोली वाचली पाहिजे."

थोरली क्षणभर थांबली. तिनं खोलीकडं बघितलं, मग उगवतीच्या गवताकडं. मग ती थोरल्याला म्हणाली, "इकडून धरा," आणि खोलीकडं पाठ करून बसली.

तिनं आणि थोरल्यानं उभ्या गवताच्या कडेनं पट्टा कापायला घेतला. गावातून आणखी सहा-सात जण विळे, खुरपी घेऊन आले. तिनं त्यांनाही ओळीत बसवलं. कापायचं, मागं फेकायचं, पुढं सरकायचं. साहेब मागून ओरडत राहिला आणि कुणी मान वळवली नाही. पट्टा ओढ्याला भिडला तेव्हा आग तिथं आली, जीभ काढून चाचपली आणि बसली. उगवतीचं तेरा-चौदा एकर रान वाचलं.

खोली जळाली. धाकटा एकटाच तिथल्या आगीशी झुंजत होता. आत अडकलेला लोखंडी दरवाजा त्यानं दोन्ही हातांनी ओढून उघडला, कारण आतलं यंत्र गेलं तर नोकरी गेली एवढंच त्याला दिसत होतं. दरवाजा तापून लाल झाला होता. लोकांनी त्याला उचलून बाहेर आणलं तेव्हा त्याचे तळवे पोळलेल्या वांग्यासारखे झाले होते.

थोरलीनं ते पाहिलं. विळा हातात तसाच होता. तिच्या मनात आलं, की आपण दुसऱ्या बाजूला बसलो असतो तर. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. थोरल्यालाही नाही.

रेडिओ अकरा दिवस बंद होता. त्या अकरा दिवसांत धाकट्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. धाकटी त्याला भरवायची, तोंड धुवून द्यायची, सदऱ्याच्या गुंड्या लावायची. थोरली मलमासाठी लांबच्या दवाखान्यात चालत जायची आणि पुडी उंबऱ्यावर ठेवायची. दोघी जावा एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. वाचलेल्या रानातलं गवत गावानं आपसात वाटून नेलं होतं आणि ते परत मागायची साहेबाची छाती झाली नव्हती. म्हशी रवंथ करत होत्या.

बाराव्या दिवशी चौकशी आली. मुख्य कचेरीतून एक पिकल्या मिशांचा अधिकारी आला आणि गावातल्या शाळेच्या खोलीत टेपरेकॉर्डर मांडून बसला. आधी साहेब बोलला, मग शिपाई, मग धाकट्याला बोलावलं. थोरलीला बोलावलंच नाही. ती दिवसभर घरी वाट बघत बसली, धुतलेलं लुगडं नेसून.

संध्याकाळी शिपायाची बायको पाण्याला आली तेव्हा तिनं सांगितलं. शेवटी टेप परत वाजवला तेव्हा सगळ्या शाळेनं ऐकला होता. धाकट्यानं सांगितलं की वहिनीला आत चोरी करताना धरलं होतं. वहिनीनं साहेबाच्या तोंडावर म्हटलं होतं की पेटेल. आणि आग लागल्यावर साहेब सांगत असताना वहिनीनं मुद्दाम खोली सोडून दुसरीकडं पट्टा कापला. केंद्राच्या वतीनं तिच्यावर तक्रार होणार होती. साहेबाला काही नाही. धाकट्याची नोकरी राहिली होती.

धाकटा घरी आला तेव्हा सगळे बसलेलेच होते. म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडं केलं. थोरला उठून गोठ्यात गेला. धाकटीनं ताट वाढलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि दूर जाऊन बसली.

"भरव," धाकटा म्हणाला.

"मी नाही."

"अगं, हात..."

"तुमचे हात जळले तेव्हा मलम कोण आणत होतं? जोड्याच्या टाचा झिजल्यात ताईंच्या. मी नाही भरवणार. ज्या साहेबासाठी बोललात त्याला बोलवा."

ती उठून मागच्या दारानं बाहेर गेली. ताटातून वाफ निघत होती. धाकट्यानं पट्टीचा हात ताटापर्यंत नेला आणि माघारी घेतला.

थोरली उठली. तिनं हात धुतले, त्याच्यासमोर मांडी घालून बसली, घास केला आणि त्याच्या तोंडापुढं धरला. त्यानं तोंड उघडलं नाही.

"जेव. उपाशी माणसाशी मला भांडता येत नाही."

त्यानं घास घेतला. चावता चावता बोलायला लागला, "वहिनी, मी सगळं खरं तेच बोललो. चोरी केली नव्हती तुम्ही? पेटेल म्हणाला नव्हतात?"

"म्हणाले होते."

"पट्टा मुद्दाम तिकडं कापला नाही?"

"मुद्दाम कापला." तिनं दुसरा घास केला. "पेटेल का म्हणाले, ते सांगितलंस?"

"सांगितलं. साहेबाला बजावलं होतं तेही सांगितलं. बुडाशी ठिणग्या पडतात, टेंडर निघालं पण यंत्र आलं नाही, सगळं." त्यानं गिळलं. "पण तेव्हा टेप बंद होता. पिकल्या मिशावाला म्हणाला, आता मोकळेपणानं बोला. मी बोललो. मग त्यानं टेप चालू केला आणि म्हणाला, आता मघाचं परत सांगा, चोरीपर्यंतचं आणि पट्ट्याचं."

"आणि तू तेवढंच सांगितलंस."

तिनं घास पुढं केला. त्यानं घेतला.

"बंद टेपला कान नसतात, हे तुला माहीत नव्हतं? इतकी वर्षं तिथं नोकरी करतोस."

"नोकरी गेली असती."

"हो. गेली असती."

ती भरवत राहिली. घास मोठे नव्हते, छोटेही नव्हते. मध्ये एकदा त्याला ठसका लागला तेव्हा तिनं पाण्याचं भांडं त्याच्या ओठांना लावलं आणि तो पिईपर्यंत धरून ठेवलं. गोठ्यातून थोरल्यानं वैरण टाकल्याचा आवाज आला. म्हातारा भिंतीकडं तोंड करून होता तसाच.

ताट रिकामं झालं. थोरलीनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं, हनुवटी पुसली.

"ऐक," ती म्हणाली. "खोली सोडून मी गवत वाचवलं, म्हणून तुझे हात जळले. ते माझ्याकडं. तुझे हात बरे होईपर्यंत मी भरवीन, धाकटी भरवो न भरवो. पट्ट्या सुटल्या की त्या दिवशी तू तुझी चूल वेगळी मांडायची. ओट्याकडची खोली तुमची, गोठ्याकडची आमची. आबा कुठं राहतील ते आबा ठरवतील. मधे भिंत घालायला मी तुझ्या दादाला माती कालवून देईन."

"वहिनी..."

"आणखी हवंय का?"

धाकट्यानं मान हलवून नाही म्हटलं. ती ताट घेऊन उठली आणि घासायला मागच्या दारी गेली. तिथं धाकटी दगडावर बसली होती. थोरलीनं ताट खाली ठेवलं. धाकटीनं ते न बोलता ओढून घेतलं आणि राखेनं घासायला लागली.